टोचणारी किक मऊ करताना: एका डीप हाऊस ट्रॅकचं प्रकरण

पार्श्वभूमी

ट्रॅक डीप हाऊसचा, म्हणजे संथ, मऊ धाटणीच्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा. वेग 118 बीपीएम (मिनिटाला 118 ठोके), लांबी साडेसहा मिनिटं, स्वर एफ मायनर. एका बाईचा शब्दांवाचूनचा आलाप, त्याखाली जाडसर पॅड (लांबवलेल्या सुरांचा थर), संथ बास आणि दर ठोक्याला किक, म्हणजे ड्रमसेटमधल्या मोठ्या ड्रमचा भरीव ठोका. रात्री उशिरा, गर्दी थोडी पांगल्यावर वाजावा असा.

तो केलेला मुलगा पुण्यात भाड्याच्या खोलीत राहतो. दिवसा नोकरी, संगीत रात्री जेवणानंतर. सामान मोजकंच: लॅपटॉपवर एबलटन लाइव्ह हे संगीत बनवायचं सॉफ्टवेअर, पाच इंची मॉनिटर स्पीकरची जोडी आणि एक बंद पाठीचा (क्लोज्ड-बॅक) हेडफोन. शेजारी झोपलेले असतात, म्हणून आवाज कायम हळू. हा हळू आवाज आणि ती खोली या दोन गोष्टी प्रकरणात फार महत्त्वाच्या ठरल्या, पण ते आम्हाला उशिरा कळलं.

मी मिक्सिंग करतो, म्हणजे गाण्यातले वेगवेगळे आवाज एकमेकांत नीट बसवतो. त्याच्या आधीच्या दोन ट्रॅकचं मिक्स मीच केलं होतं. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. आकडे मात्र त्याच प्रोजेक्टमधले आहेत.

अडचण

त्याच्या एका डीजे मित्राने हा ट्रॅक एका छोट्या जागी मोठ्या आवाजात वाजवून पाहिला. निरोप आला तो असा: गाणं सुंदर आहे, पण किक कानाला टोचते, चार मिनिटांनी नकोसं होतं. त्यानंतर या मुलाचा मला फोन आला.

"दादा, किक मऊ करून दे ना. मी चार किक बदलल्या, पण सगळ्या शेवटी तशाच होतात."

त्याच्या या दुसऱ्या वाक्यातच अर्धं उत्तर होतं. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. लक्ष गेलं फक्त "मऊ करून दे" एवढ्यावर.

किकचा आवाज कानाला एकच वाटतो, पण त्यात तीन भाग असतात. पहिल्या पाच-दहा मिलिसेकंदांत "टक", मग पन्नासेक मिलिसेकंद "धप्" आणि शेवटी "ऊम्" अशी शेपटी. रोलंडच्या 1983 मधल्या टीआर-909 या मशीनवर किकसाठी लेव्हल, ट्यून, अटॅक आणि डिके अशी वेगवेगळी बटणं होती. त्यातलं अटॅकचं बटण मुख्यतः या "टक"वर चालायचं. आजच्या हाऊस आणि टेक्नोमधल्या असंख्य किक त्याच मशीनच्या नाहीतर तिच्या नकलेच्या असतात. त्यामुळे किक टोचते म्हटलं की आधी या पहिल्या दहा मिलिसेकंदांत पाहायचं.

इथेही दुखणं तिथेच होतं. कुठला सूर किती जोरात आहे ते दाखवणाऱ्या ॲनलायझरवर अडीच ते पाच किलोहर्ट्झमध्ये दर ठोक्याला एक उंच सुळका यायचा. माणसाचा कान नेमका याच पट्ट्यात सर्वात तिखट असतो. कानाच्या नळीची लांबीच अशी आहे की तीन किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज तिथे आपोआप वाढतो. त्या पट्ट्यात मिनिटाला 118 वेळा टोचणी बसली तर कुणीही थकेल.

त्याने प्रोजेक्ट पाठवला तेव्हा किकवर हे सगळं होतं: एकावर एक ठेवलेले तीन आवाज, म्हणजे लेयर (प्लगइन नावाच्या जोड-सॉफ्टवेअरमध्ये बनवलेली बॉडी, सॅम्पल म्हणजे तयार रेकॉर्डिंग तसं 909 धाटणीचं एक आणि वर रिमशॉटसारखी, म्हणजे ड्रमच्या कडेवर मारल्यासारखी क्लिक), ईक्यूमध्ये (सुरांचा ठरावीक पट्टा कमी-जास्त करणारं साधन) 3.5 किलोहर्ट्झला 5 डीबी (डेसिबल) वाढ, अटॅक वर ओढलेला ट्रान्झियंट शेपर (ठोक्याची सुरुवात धारदार किंवा बोथट करणारा), त्यापुढे सॅच्युरेटर (आवाज किंचित बिघडवून त्यात वरचे सूर भरणारा). शिवाय ड्रम बसवर, म्हणजे सगळ्या ड्रमच्या एकत्र आवाजावर, हार्ड क्लिपर (ठरावीक पातळीवरची वेव्ह सपाट कापणारा) आणि मास्टरवर, म्हणजे पूर्ण गाण्यावर, लिमिटर (आवाज ठरावीक पातळीपुढे जाऊ न देणारा).

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय ईक्यूचा. सगळ्यांच्या शेवटी आणखी एक ईक्यू टाकून 3.5 किलोहर्ट्झला 6 डीबी कमी केले. टोचणी कमी झाली, पण लॅपटॉपच्या स्पीकरवर किक गायबच झाली. लॅपटॉपचा स्पीकर खालचे सूर वाजवत नाही, तिथे किक म्हणजे जवळजवळ फक्त तो "टक" होता. तो काढल्यावर मागे काही उरलंच नाही.

दुसरा लो-पास फिल्टर, म्हणजे वरचे सूर कापून खालचेच जाऊ देणारा. 2 किलोहर्ट्झवर हळुवार उताराचा फिल्टर लावला, तर किक उशीवर बुक्की मारल्यासारखी झाली. आलापाखाली ती काही क्षण बरी वाटली, पण बास आल्यावर दोन्हींचा लगदा झाला. फिल्टर क्लिपरच्या आधी ठेवला तेव्हा वेगळीच गंमत दिसली. फिल्टरने काढलेला वरचा भाग क्लिपर पुन्हा तयार करत होता. वेव्हचं डोकं सपाट कापलं की नवे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) जन्माला येतातच.

तिसरा जलद कम्प्रेसर, म्हणजे आवाज मोठा झाला की तो दाबणारा. दाबायला घेतलेला वेळ (अटॅक) 0.1 मिलिसेकंद, सोडायचा वेळही (रिलीज) झटपट. हा उपाय पुष्कळ जण सुचवतात आणि मधल्या सुरांच्या ड्रमवर तो चालतोही. किकवर जपून वापरायला हवा. या किकची शेपटी 51 हर्ट्झची, आणि 51 हर्ट्झचं एक आवर्तन जवळजवळ 20 मिलिसेकंदांचं असतं. कम्प्रेसर त्याहून फार जलद असेल तर तो ठोक्याचा चढउतार धरत नाही, वेव्हच्याच चढउतारामागे धावतो आणि शेपटीत खरखर घालतो. आमच्याकडे हेच झालं. "टक" थोडा दबला आणि "ऊम्"ला खर आली.

चौथा पर्याय किकच बदलण्याचा. मोह मोठा होता. पण त्याने चार वेळा बदलून पाहिल्या होत्याच. शिवाय बासची ओळ या किकच्या शेपटीला धरून बसवली होती.

पाचवा, सगळं उतरवून मुळापासून बघणे. वेळखाऊ म्हणून तो मी शेवटी ठेवला. तीन संध्याकाळी पहिल्या तीन पर्यायांत गेल्या.

पहिला निर्णय: आधी सगळं बंद

चौथ्या दिवशी तो माझ्याकडे आला. किकवरचे सगळे प्लगइन बंद केले, क्लिपर आणि लिमिटरही. मग प्लगइनसहित आणि प्लगइनशिवाय अशा दोन्ही आवृत्त्यांचा आवाज कानाने सारखा करून घेतला. हे सारखं करणं टाळता येत नाही. मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. मागच्या तीन संध्याकाळी मऊ केलेली प्रत्येक आवृत्ती आम्हाला "पडलेली" वाटत होती, आणि त्यामागे बऱ्याच अंशी ती हळू झाली होती हेच कारण होतं.

मूळची किक ऐकून तो गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, ही तर मुळात टोचतच नाही."

"मग तू वाढवत का गेलास?"

"खोलीवर ऐकूच यायची नाही ना. बास चालू झाला की बुडायची. म्हणून थोडी क्लिक दिली, मग अजून थोडी."

तेव्हा मी विचारलं की खुर्ची खोलीत कुठे असते. खोली 11 फूट लांब. स्पीकर एका भिंतीशी, मागे पलंग, आणि खुर्ची जवळजवळ बरोब्बर मध्यावर.

कागदावर हिशोब केला. 11 फूट म्हणजे 3.35 मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये उभा राहणारा पहिला सूर हा त्या अंतराच्या दुप्पट लांबीच्या वेव्हचा असतो: 343 भागिले 6.7, म्हणजे साधारण 51 हर्ट्झ. अशा उभ्या वेव्हचा दाब भिंतींशी सर्वात जास्त असतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ शून्य. त्याच्या किकची शेपटी 51 हर्ट्झवर होती. दर रात्री तो त्याच जागी बसून मिक्स करत होता जिथे त्याच्या किकचं पोट पोचतच नव्हतं.

त्यात हळू आवाजाची भर. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवून दिलं होतं की आवाज हळू असला की कानाला खालचे सूर मधल्या सुरांपेक्षा कितीतरी जास्त कमी ऐकू येतात. म्हणजे खोलीने पोट काढून घेतलं आणि उरलंसुरलं हळू आवाजाने. ठोका जाणवावा म्हणून त्याच्या हाती फक्त वरचा "टक" राहिला. मग तो क्लिक वाढवत गेला, आणि हीच क्लिक मोठ्या स्पीकरवर सुरीसारखी बाहेर आली. चारही किक "शेवटी तशाच" का झाल्या याचं उत्तर हे होतं.

दुसरा निर्णय: खुर्ची आधी, किक नंतर

इथे आमचं थोडं वाजलं. त्याचं म्हणणं, आता कारण कळलंय तर तुझ्याकडेच किक नीट करून टाकू. मी म्हटलं, नाही. तुझ्या खोलीत तुला ती पटली नाही तर परवा तू पुन्हा क्लिक वाढवशील.

दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीवर गेलो. पलंग थोडा मागे रेटला आणि टेबल पुढे घेतलं. खुर्ची समोरच्या भिंतीपासून साडेपाच फुटांवर होती, ती चार फुटांच्या जरा पुढे आली. तेवढ्यावर 51 हर्ट्झचा सूर पूर्ण भरला नाही, पण ऐकू येऊ लागला. किक वाजत असताना तो खुर्चीवरून उठून मध्यावर जाऊन उभा राहिला, परत येऊन बसला, पुन्हा उठला. त्या चार पावलांत किक भरत होती आणि रिकामी होत होती. मी काहीही समजावून सांगण्यापेक्षा त्या येरझाऱ्यांनी काम केलं.

प्रत्यक्ष काय केलं

पखवाजाच्या धुम्याला कणीक लावतात. कातड्यावर वजन आलं की सूर खाली उतरतो आणि थाप भरीव होते. जे करायचं ते वाद्यावरच करतात. किकचंही आम्ही तसंच करायचं ठरवलं: मऊपणा उगमाशी आणायचा, नंतर झाकत बसायचं नाही.

तीन लेयरचे दोन केले. बॉडी आणि 909 धाटणीचं सॅम्पल एकमेकांशी फेजमध्ये नव्हते, म्हणजे त्यांच्या वेव्हचे चढउतार जुळत नव्हते. दोन्ही एकत्र वाजले की 100 हर्ट्झच्या आसपास एकमेकांना खायचे, आणि "धप्" बारीक झाला की "टक" अजूनच उठून दिसायचा. ते सॅम्पल काढलं आणि किक भरली. काहीतरी काढल्याने आवाज जाड होतो यावर त्याचा विश्वास बसेना, म्हणून दोनतीनदा काढून-घालून दाखवलं.

मग बॉडीचं पिच एन्व्हलप, म्हणजे ठोक्यात सूर वरून खाली कसा घसरतो ती रेघ. प्लगइनमध्ये सूर सव्वा किलोहर्ट्झवरून सुरू होऊन सहा मिलिसेकंदांत खाली कोसळत होता. इतक्या उंचावरून इतक्या झटकन पडणारा सूर कानाला सूर वाटत नाही, तो "टक"च वाटतो. सुरुवात 280 हर्ट्झवर आणली आणि घसरण 45 मिलिसेकंदांची केली. "टक"चा "धप्" झाला. या सगळ्या प्रकरणात सर्वात मोठा फरक या एका बदलाने पडला, आणि ईक्यूने तो कधीच मिळाला नसता.

क्लिकचा रिमशॉट काढून टाकला. थोडी कडा मात्र हवीच, नाहीतर ठोका कुठे पडला ते कळत नाही. त्याच्या खोलीत जेवायला बसायचा लाकडी पाट होता. त्यावर बोटाच्या पेराने मारलेल्या दहाबारा थापा फोनवर रेकॉर्ड केल्या आणि त्यातली एक घेतली. तिचा जोर 700 ते 1500 हर्ट्झच्या मध्ये होता, म्हणजे त्या तिखट पट्ट्याच्या खाली. तिची वेव्ह मोठी करून पाहिली तेव्हा सॅम्पल शून्यावरून सुरू होत नव्हतं, मधेच उभ्या कड्यासारखं सुरू होत होतं. अशी कडा स्वतःच एक "टिक" असते. सुरुवातीला 2 मिलिसेकंदांचा फेड-इन (शून्यातून हळूहळू चढणारा आवाज) दिला. 44.1 किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाच्या 44,100 नोंदी घेतल्या तर, या जेमतेम 88 नोंदी होतात, पण "टिक" गेली. उत्साहात 8 मिलिसेकंदही करून पाहिले. तेव्हा ठोका उशिरा आल्यासारखा, श्वास टाकल्यासारखा वाटला. पुन्हा 2 वर आलो.

लॅपटॉपवर किक ऐकू येण्याचा प्रश्न उरला होता. त्यासाठी फक्त बॉडीवर मऊ, टेपच्या धाटणीचं सॅच्युरेशन दिलं. 51 हर्ट्झच्या सुराला वर 102, 153, 204 अशी पोरं होतात. लॅपटॉप 51 वाजवू शकत नाही, पण दीडशे-दोनशेच्या पुढचं बऱ्यापैकी वाजवतो, आणि ही पोरं ऐकली की कान मूळ सूर स्वतःच भरून घेतो. क्लिकने जे काम चाललं होतं ते आता इथून होऊ लागलं. 3.5 किलोहर्ट्झची वाढ आणि ट्रान्झियंट शेपर दोन्ही काढून टाकले.

हार्ड क्लिपरही काढला. यावर तो अडला, कारण मास्टर जवळजवळ दीड डीबीने हळू झाला. मिक्सच्या मोठेपणाचा प्रश्न आला की सगळेच अडतात. पण हा ट्रॅक शांत वेळी वाजणारा आहे. डीजेला दीड डीबी वाढवायला हाताचं एक बोट पुरतं, आणि क्लिपरने कापलेला ठोका त्याला कुठल्याही बटणाने जोडता येत नाही. हे त्याला पटलं.

न संपलेला "टक"

इतकं करूनही पॅड चालू झाला की कुठेतरी बारीक "टक" यायचाच. मी किक सोलो करून, म्हणजे एकटीच वाजवून पाहिली, तर स्वच्छ. अर्धा तास तिच्यातच शोधत बसलो. मग त्यानेच सहज किक म्यूट केली, आणि "टक" तसाच चालू राहिला.

तो पॅडमधून येत होता. किकला जागा मिळावी म्हणून पॅड आणि बास दर ठोक्याला दाबणारा व्हॉल्यूम शेपर लावला होता. तो टेम्पोला बांधलेला असल्याने किक म्यूट असली तरी चालत होता. त्याची रेघ ठोक्यावर सरळ उभी खाली पडत होती. पॅडची वेव्ह ऐन भरात असताना क्षणात कापली जायची, आणि वेव्ह मधेच तुटली की तिथे "टक" होणारच. त्या उभ्या रेघेला 4 मिलिसेकंदांचा उतार दिला. "टक" संपला.

ज्या आवाजाला आम्ही इतके दिवस किकचा दोष म्हणत होतो, त्यातला एक हिस्सा किकचा नव्हताच.

निष्पत्ती

जुनी आणि नवी आवृत्ती सारख्या आवाजात तपासली. अडीच ते पाच किलोहर्ट्झमधला सुळका साधारण 9 डीबीने उतरला होता. त्याच डीजे मित्राने त्याच जागी पुन्हा वाजवला. आता टोचत नाही, पूर्ण ऐकवतो, असं त्याचं मत पडलं. मात्र एक अडचण त्याने सांगितली: सुरुवातीला फक्त किक वाजते तिथे ती इतकी मऊ आहे की आधीच्या ट्रॅकशी ठोका जुळवताना कानाला धरायला काही सापडत नाही.

तक्रार रास्त होती. पहिल्या 32 बारांत (एक बार म्हणजे चार ठोके), म्हणजे सुरुवातीच्या 65 सेकंदांत, पाटाच्या थापेचा आवाज 3 डीबीने वाढवला आणि आलाप येण्याआधीच्या चार बारांत हळूहळू खाली आणला. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, वाजवणाऱ्याला आधार मिळतो.

घरचा एक दाखला माझ्यासाठी तितकाच मोलाचा होता. जुनी आवृत्ती मी लॅपटॉपवर लावली होती तेव्हा स्वयंपाकघरातून आई म्हणाली होती, "बघ रे, कुणी दार वाजवतंय का?" नवी त्याच लॅपटॉपवर, तेवढ्याच आवाजात लावली. आई आपलं काम करत राहिली.

काय वेगळं करता आलं असतं

"सगळ्या शेवटी तशाच होतात" हे ऐकताच मी थांबायला हवं होतं. चार वेगवेगळ्या किक एकाच तऱ्हेने बिघडत असतील तर बिघाड किकच्या बाहेर आहे. तेव्हाच खोलीचं माप विचारलं असतं तर तीन संध्याकाळी वाचल्या असत्या.

म्यूट करून ऐकणं पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. सोलोमध्ये त्या वाद्यात काय आहे ते कळतं. दोष त्याचाच आहे की नाही, ते कळायला म्यूट लागतं.

टेबल हलवता येत नसतं तर? भाड्याच्या खोल्यांत तसं बरेचदा होतं. तेव्हा शेपटीचा तेवढा निवाडा हेडफोनवर करणं बरं, कारण हेडफोनला भिंती नसतात. आणि काम हळू आवाजात करायचं असलं तरी दिवसा एकदा, शेजारी जागे असताना, दहा मिनिटं मोठ्याने ऐकून घ्यावं. त्याने तेवढं केलं असतं तर ही क्लिक इतकी वाढलीच नसती.

एक बाब अजून माझ्या मनात नीट बसलेली नाही. 909 धाटणीचं सॅम्पल काढण्याऐवजी त्याची पोलॅरिटी उलटी करून (म्हणजे वेव्ह खालीवर उलटवून) किंवा एखाद मिलिसेकंद सरकवून ते बॉडीशी जुळवता आलं असतं का? कदाचित "धप्"ला अजून थोडा दाणा मिळाला असता. आम्ही दमलो होतो आणि काढल्यावर चांगलं वाटलं, म्हणून तिथेच थांबलो.

गेल्या महिन्यात त्याने खोली बदलली. सामान लावायच्या आधीच मेसेज आला: "दादा, नवी खोली 13 फूट. म्हणजे 43 हर्ट्झ ना? माझ्या बासचा एफ तिथेच येतो."

मी लिहिलं, "हो. टेबल मध्यावर लावू नकोस."